सोसायटीची कारोबारी: अधिकार, उपसमित्या आणि कागद यांविषयी नव्या मंत्र्यांसाठी

वार्षिक सभेत नवी कारोबारी निवडायची वेळ आली की एकाएकी शांतता पसरते. मग शेजारचे काका आपले नाव सुचवतात, दोन-चार हात वर होतात, आणि चहाचे कप फिरेपर्यंत आपण सोसायटीचे मंत्री, म्हणजे सचिव, झालेले असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मावळते मंत्री एक कापडी थैली आणून देतात. तिच्यात ठरावांचे बुक, दोन चेकबुके, रबरी शिक्का, गच्चीची किल्ली आणि न फोडलेली तीन-चार सरकारी पाकिटे असतात. काम काय, अधिकार किती आणि अडल्यास विचारायचे कोणाला, हे त्या थैलीत कुठेही लिहिलेले नसते. वडोदऱ्यातील मांजलपूरमधील अठ्ठेचाळीस सदनिकांच्या सोसायटीत ती थैली सहा वर्षे माझ्याकडे होती, आणि पुढील सूचनांतील निम्म्याहून अधिक माझ्याच चुकांमधून आल्या आहेत.

वडोदऱ्यात अध्यक्षाला 'प्रमुख', सचिवाला 'मंत्री' आणि कार्यकारी समितीला 'कारोबारी' म्हणतात. दांडिया बाजार, रावपुऱ्यातून गोत्रीकडे किंवा वाघोडिया रोडकडे राहायला गेलेल्या मराठी घरांतही हेच शब्द रुळलेले आहेत, म्हणून येथेही तेच ठेवले आहेत. सहकार तसा या शहराला जुना आहे. विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने १८८९ साली येथे 'अन्योन्य सहाय्यकारी मंडळी' उभी राहिली, तेव्हा देशात सहकाराचा कायदाही नव्हता. तो १९०४ साली आला. आज कायदा आहे, नियम आहेत, उपविधी म्हणजे प्रत्येक सोसायटीची स्वतःची नोंदलेली नियमावलीही आहे. अडचण एवढीच की ते कपाटात असतात.

आधी आपण कोण आहोत ते पाहावे

नव्या मंत्र्याचे पहिले काम म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र शोधणे. शहरातील बऱ्याच सोसायट्या गुजरात सहकारी मंडळी अधिनियम, १९६१ खाली नोंदलेल्या आहेत, आणि त्यांतही 'को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी' व 'हाउसिंग सर्व्हिस सोसायटी' अशी दोन नावे आढळतात. सर्व्हिस सोसायटीत घराची मालकी सहसा सभासदाच्या स्वतःच्या दस्तावेजाने त्याच्याकडे असते आणि मंडळी, म्हणजे सोसायटी, रस्ते, पाणी, दिवे, पहारा अशा सामाईक सेवा सांभाळते. हा फरक कागदी वाटतो, पण पार्किंगच्या जागेवरून किंवा गच्चीवरून भांडण झाले की पहिला प्रश्न 'ही जागा कोणाच्या नावावर आहे' हाच येतो, आणि त्याचे उत्तर या प्रमाणपत्रापासून सुरू होते.

प्रमाणपत्रासोबत नोंदणीकृत उपविधींची प्रत मिळवावी; ती हरवली असेल तर सहकारी मंडळ्यांच्या रजिस्ट्रार कचेरीतून प्रमाणित नक्कल मागवावी. उपविधी गुजरातीत असतात. घरातील ज्येष्ठांना गुजराती बोलण्याची सवय असली तरी कायद्याची गुजराती वाचताना ते थांबतात, त्यामुळे एखाद्या रविवारी दोघा-तिघांनी मिळून ते वाचावेत आणि काही जागी खुणा कराव्यात: कारोबारीत किती सभासद आणि किती मुदतीसाठी, सभेची नोटीस किती दिवस आधी, गणपूर्ती किती, कारोबारीला स्वतःच्या अधिकारात किती खर्च करता येतो आणि थकबाकीवर व्याज किती. वर्षभरात जेवढे वाद निर्माण होतील त्यांतील बहुतेकांचे उत्तर या जागांवर सापडते.

मराठी सभासदांना येथे एक वेगळा इशारा द्यावासा वाटतो. पुण्या-ठाण्याचे नातेवाईक 'आमच्याकडे असे असते' म्हणून आदर्श उपविधींचे पुस्तक पाठवतात, आणि ते मराठीत असल्यामुळे आपल्या गुजराती उपविधींपेक्षा वाचायला सोपे जाते. परंतु ते पुस्तक महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्यावर बेतलेले असते, आणि त्या कायद्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी जे स्वतंत्र प्रकरण घातले गेले ते विश्वामित्रीच्या काठी, म्हणजे आपल्या वडोदऱ्यात, लागू होत नाही. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्यास घेतले जाणारे) असो वा हस्तांतरण शुल्क, तेथील आकडे येथे आणू नयेत. राज्यघटनेच्या ९७ व्या दुरुस्तीबद्दलही असाच गोंधळ आढळतो. १५ फेब्रुवारी २०१२ पासून लागू झालेल्या या दुरुस्तीने संचालकांची कमाल संख्या एकवीस आणि मुदत पाच वर्षे ठरवली होती; गुजरात उच्च न्यायालयाने २०१३ साली तिचा सहकारी संस्थांविषयीचा भाग रद्द ठरवला, आणि २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो केवळ बहुराज्य सहकारी संस्थांपुरता कायम ठेवला. आपल्या सोसायटीचे नियम म्हणून राज्याच्या कायद्यात आणि आपल्या उपविधींतच शोधावे लागतात.

सभा, कारोबारी आणि उपसमिती

सोसायटीतील अधिकाराचे तीन थर असतात आणि बहुतेक तंट्यांचे मूळ ते थर मिसळण्यात असते. सर्वांत वर सर्वसाधारण सभा. तिच्यात प्रत्येक सभासदाला एक मत. चार सदनिकांचा मालक असला तरी त्याला सहकारी मंडळीत चार मते मिळत नाहीत. मेन्टेनन्सचा दर बदलणे, मोठ्या दुरुस्तीसाठी वर्गणी ठरवणे, उपविधी दुरुस्त करणे, वार्षिक हिशेब स्वीकारणे, ऑडिटर नेमणे आणि कारोबारी निवडणे ही कामे सभेची. इमारत पाडून नवी बांधायची असेल तर तो प्रश्न उपविधींच्याही पलीकडे जातो: गुजरात मालकी सदनिका अधिनियम, १९७३ मध्ये २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पंचवीस वर्षे झालेल्या किंवा मोडकळीस आलेल्या इमारतीच्या पुनर्विकासाला किमान पंचाहत्तर टक्के सदनिकाधारकांची संमती लागते, आणि ती संमती कारोबारीने परस्पर 'गृहीत' धरता येत नाही.

दुसरा थर कारोबारीचा. सभेने जे ठरवले ते अमलात आणणे आणि दोन सभांच्या मधल्या काळात रोजचा कारभार पाहणे हे तिचे काम आहे. येथे एक गोष्ट नव्या मंडळींच्या ध्यानात यायला वेळ लागतो: अधिकार कारोबारीला आहे, तिच्यातील एकेका माणसाला नाही. प्रमुखांनी जिन्यात वॉचमनला सांगितलेली गोष्ट हा निर्णय होत नाही, आणि मंत्र्याने फोनवरून दिलेली वर्दीही होत नाही. माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात पाण्याची मोटर जळाली, तेव्हा मी एका दुरुस्तीवाल्याला फोन करून 'करून टाका' म्हणालो. काम चांगले झाले, बिल मात्र अपेक्षेच्या दुप्पट आले, आणि कारोबारीने विचारले की एवढ्या रकमेला होकार कोणी दिला. उत्तर माझ्याकडे नव्हते. तीन महिने ते बिल खजानचींच्या खणात पडून राहिले आणि दुरुस्तीवाला मला रस्त्यात गाठू लागला. त्यानंतर आम्ही एक कायमचा ठराव केला: पाणी, वीज किंवा लिफ्ट बंद पडल्यास प्रमुख, मंत्री आणि खजानची यांपैकी दोघांनी मिळून ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च मंजूर करावा आणि पुढील बैठकीत तो नोंदवावा. असा ठराव पहिल्या महिन्यातच करून घ्यावा, कारण मोटर कारोबारीच्या बैठकीची वाट पाहत नाही.

तिसरा थर उपसमित्यांचा. त्या सल्ला देतात, पाहणी करतात, सोपवलेले काम पार पाडतात. करारावर सही करण्याचा किंवा दर ठरवण्याचा अधिकार त्यांना नसतो. त्यांच्याविषयी पुढे सविस्तर येईलच.

प्रमुख, मंत्री, खजानची

प्रमुखांनी सभा चालवावी, सर्वांना बोलू द्यावे, वेळेवर मत घ्यावे आणि मते समसमान झाली तर उपविधींत तशी तरतूद असल्यास निर्णायक मत द्यावे. याहून अधिक काम प्रमुखांनी ओढून घेतले की मंत्र्याचे काम पोरके होते.

मंत्र्याकडे पत्रव्यवहार, नोटिसा, सभासद नोंदवही, भागपत्रे, ठरावांचे बुक आणि नामनिर्देशनाचे अर्ज असतात. यांतले शेवटचे सर्वांत दुर्लक्षित राहते. सभासदाच्या निधनानंतर मुले अमेरिकेत आणि पत्नी रुग्णालयाच्या बिलांत अडकलेली असते, त्या वेळी नामनिर्देशनाचा अर्ज सापडला तर मेन्टेनन्स कोणाच्या नावाने काढायचा आणि सभेची नोटीस कोणाला द्यायची एवढे तरी सुटते. मात्र नामनिर्देशित व्यक्ती वारसांची मालकी खाऊन टाकत नाही, हेही त्या कुटुंबाला सौम्य शब्दांत सांगावे. घर विकताना लागणाऱ्या ना-वांधा प्रमाणपत्राबाबत (ना-हरकत, एनओसी) मंत्र्याने फार जपून राहावे. २०२४ च्या दुरुस्तीने गुजरात सरकारने हस्तांतरण शुल्कावर मर्यादा घालण्याची व्यवस्था कायद्यात आणली आहे; तेव्हा 'आमच्याकडे पूर्वीपासून एवढे घेतात' म्हणून मोठी रक्कम मागण्यापूर्वी चालू मर्यादा रजिस्ट्रार कचेरीतून लेखी विचारून घ्यावी.

खजानचींचे काम अवघड नाही, पण ते दर महिन्याला करावे लागते. बँक खाते सोसायटीच्या नावाने असावे आणि चेकवर दोघांच्या सह्या असाव्यात; इंटरनेटवरून पैसे पाठवायचे असतील तरी एकाने भरायचे आणि दुसऱ्याने मंजूर करायचे अशी सोय बँकेकडून घ्यावी. खजानची आणि प्रमुख एकाच घरातले नसावेत, हे सांगावे लागू नये, पण मी तसे पाहिले आहे. रोख वर्गणी शक्यतो घेऊच नये. घेतलीच तर क्रमांक छापलेल्या पावतीपुस्तकातून पावती द्यावी आणि रक्कम दोन दिवसांत बँकेत भरावी.

अंदाजपत्रक कसे करावे याचे एक सोपे उदाहरण घेऊ. अठ्ठेचाळीस सदनिका, प्रत्येकी महिना १,५०० रुपये, म्हणजे महिन्याला ७२,००० आणि वर्षाला ८,६४,००० रुपये जमा. यातून पहारेकऱ्यांचे पगार, सफाई, सामाईक मीटरचे वीजबिल, लिफ्टचा देखभाल करार, टाकी धुणे, विमा आणि ऑडिटची फी वजा करावी, आणि जे उरेल त्याला 'शिल्लक' म्हणण्यापूर्वी रंगकाम आणि लिफ्ट बदलणे यांसाठी निराळा राखीव निधी काढून ठेवावा. सात-आठ वर्षांनी येणाऱ्या रंगकामाचा खर्च ज्या सोसायटीने दरवर्षी थोडाथोडा बाजूला काढला नाही, तिला तो एका वर्षात उभा करावा लागतो, आणि त्याच वर्षी निम्मे सभासद 'आम्ही तर घर विकणारच आहोत' असे म्हणतात. साठलेला निधी कायद्याने आणि उपविधींनी परवानगी दिलेल्या ठिकाणीच गुंतवावा. ओळखीच्या व्यापाऱ्याकडे जास्त टक्के मिळतात हे कारण ऑडिटर ऐकत नाही.

जीएसटीबद्दल उगाच घाबरू नये. सभासदामागे मासिक ७,५०० रुपयांपर्यंतच्या देखभाल वर्गणीला सूट आहे, आणि वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या सोसायटीला नोंदणीचीच गरज पडत नाही. वरच्या उदाहरणातील सोसायटी दोन्ही बाजूंनी मोकळी आहे. कंत्राटदारांच्या बिलांतून करकपात मात्र लागू होऊ शकते. ती वर्षाच्या सुरुवातीलाच ऑडिटरला विचारून घ्यावी.

थकबाकीचा विषय नाजूक असतो, कारण थकबाकीदार रोज लिफ्टमध्ये भेटतो. तरीही दर तिमाहीला सर्व थकबाकीदारांना एकाच नमुन्याचे पत्र जावे. एकाला गोड बोलून आणि दुसऱ्याला फलकावर नाव लावून वागवू नये. पाणी तोडणे किंवा लिफ्टची सोय बंद करणे हा मार्ग घेऊ नये, तो सोसायटीच्याच अंगलट येतो. सहकारी मंडळीसाठी १९६१ च्या कायद्याचे कलम ९६ आहे, त्याखाली नॉमिनी मंडळासमोर, म्हणजे सहकारी तंटे चालवणाऱ्या मंडळासमोर, दावा लावता येतो. तेथे मागितला जातो तो ठराव, बिलांच्या प्रती आणि पत्रे पोचल्याचा पुरावा. तोंडी समजुतीची किंमत तेथे शून्य असते.

ठराव कसा लिहावा

कारोबारीची बैठक महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी व्हावी. आम्ही पहिला रविवार, सकाळी दहा ही वेळ पाळली. वेळ दर महिन्याला विचारून ठरवू लागलो असतो तर वर्षात चार बैठकाही झाल्या नसत्या. तीन-चार दिवस आधी विषयपत्रिका पाठवावी आणि तिच्यात प्रत्येक विषय असा लिहावा की त्यावर होय किंवा नाही म्हणता यावे. 'पाण्याबद्दल चर्चा' हा विषय नव्हे, तो दीड तास खाणारा खड्डा आहे. 'दोन्ही टाक्या दिवाळीपूर्वी धुवून घेणे आणि आलेल्या तीन दरपत्रकांतून एक निवडणे' असे लिहिले की वीस मिनिटांत मार्ग निघतो.

बैठकीत कोण काय बोलले याचे इतिवृत्त लिहिण्याची गरज नाही, उलट तसे लिहिल्याने माणसे बोलायची थांबतात. लिहायचे ते एवढेच: तारीख, हजर सभासद, विषय, ठरावाचे शब्द, सूचक, अनुमोदक, विरोधी मत असल्यास त्याची नोंद, आणि काम कोणाकडे व कधीपर्यंत. एक नमुना देतो. 'ठराव क्रमांक सात. दोन्ही भूमिगत टाक्यांच्या सफाईसाठी आलेल्या तीन दरपत्रकांपैकी दुसऱ्या क्रमांकाचे, ९,००० रुपयांचे दरपत्रक मंजूर करण्यात येत आहे. काम १५ ऑक्टोबरपूर्वी पूर्ण व्हावे. देखरेख बी विंगच्या सभासदांकडे. काम पाहून त्यांनी लेखी कळवल्यानंतरच खजानचींनी रक्कम द्यावी.' चार वाक्ये पुरतात. ठरावांचे बुक आमच्याकडे गुजरातीतच लिहिले जात असे, कारण रजिस्ट्रार आणि ऑडिटर तेच वाचतात. परंतु फलकावर लावायचा सारांश आम्ही गुजरातीसोबत मराठीत आणि हिंदीतही लावू लागलो, आणि त्यानंतर 'आम्हांला काही कळवलेच नाही' ही तक्रार निम्म्याने घटली असे मला वाटते.

व्हॉट्सअॅप गटाचे काम सूचना देण्यापुरते ठेवावे. 'सगळे हो म्हणाले होते' या आधारावर केलेला खर्च ऑडिटमध्ये टिकत नाही. तेथे अंगठा दाखवणाऱ्यांत भाडेकरू असतात, सभासदांची मुले असतात, आणि एक जण तर दोन वर्षांपूर्वी घर विकून मुंबईला गेलेला असतो.

वार्षिक सभेची तयारी ३१ मार्चनंतर लगेच सुरू करावी: हिशेब बंद करणे, ऑडिट, कारोबारीची मान्यता, नोटीस. गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच विषयांवर पुन्हा भरवण्याची तरतूद अनेक उपविधींत असते. ती आपल्या उपविधींत आहे का ते आधीच पाहून नोटिशीतच छापावे. तहकूब सभेत ऐनवेळचा नवा विषय घेण्याचा मोह टाळावा.

उपसमिती नेमावी ती कागदावर

पाच-सात माणसांच्या कारोबारीने सर्व कामे स्वतः केली तर दुसऱ्या वर्षी कोणी उभे राहत नाही. उपसमित्यांचा खरा उपयोग येथे आहे: ज्यांना पद नको आहे पण एखादे काम येते, अशा सभासदांना त्या कामापुरते जोडून घेता येते. मकरपुऱ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर लिफ्टच्या करारातील पळवाट जशी ओळखतो तशी मंत्री ओळखू शकत नाही. अट एकच. प्रत्येक उपसमितीला नेमणुकीचा एक कागद द्यावा, आणि त्यावर काम, सदस्य, खर्चाची मर्यादा, अहवालाची तारीख आणि समिती कधी संपेल हे लिहिलेले असावे. शेवटची बाब विसरली की पार्किंगच्या रंगाच्या रेघा आखण्यासाठी नेमलेली समिती तीन वर्षांनी कोणाची गाडी कुठे लागावी याचे न्यायालय होऊन बसते.

उत्सव समितीचे उदाहरण सर्वांना परिचयाचे असेल. आमच्याकडे गणपती, नवरात्राचा गरबा आणि उत्तरायण अशी तिची तीन मोठी कामे. गणपतीची वर्गणी मेन्टेनन्सच्या खात्यात मिसळू नये. तिचे वेगळे पावतीपुस्तक असावे, आणि विसर्जनानंतर पंधरा दिवसांत जमाखर्च फलकावर लागावा. एका वर्षी आमच्या समितीचे पैसे रोखीत राहिले आणि हिशेब नवरात्रात गेला, नवरात्राचा दिवाळीत गेला. पैसा कोणी खाल्ला नव्हता, पण ते सिद्ध करायला खजानचींना दोन रात्री बसावे लागले. उत्तरायणाला १४ आणि १५ जानेवारीला प्रश्न गच्चीचा येतो. गच्ची सर्वांची, पण वरच्या मजल्यावरील सभासदाला ती आपल्या अंगणासारखी वाटते, आणि खालच्या मजल्यावरचा सभासद बाहेरगावचे वीस पाहुणे घेऊन वर जातो. घरटी पाहुण्यांची संख्या, ध्वनिवर्धकाची वेळ, टाकीच्या झाकणावर न बसणे, लहान मुलांसोबत मोठ्याने असणे, हे नियम डिसेंबरच्या बैठकीत ठरावाने करून घ्यावेत. पतंग हातात आल्यावर नियम कोणी ऐकत नाही.

वडोदऱ्यात एक उपसमिती मात्र कायमची असावी असे माझे ठाम मत आहे, ती पुराची. ३१ जुलै २०१९ रोजी शहरात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी पुन्हा वस्त्यांत शिरले. दोन्ही वेळी ज्या सोसायट्यांनी मे महिन्यात तयारी केली होती आणि ज्यांनी केली नव्हती त्यांच्या नुकसानीत केवढा फरक पडला, हे शहरातील लोकांना सांगायला नको. या समितीने मेअखेरीस तळघरातील उपसा पंप चालवून पाहावा, पावसाळी गटारांच्या जाळ्या साफ करून घ्याव्यात, मीटर-पेटी आणि लिफ्टचे नियंत्रण जमिनीपासून किती उंचीवर आहे ते मोजून ती वर घेण्याचा खर्च कारोबारीला कळवावा, आणि एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची, ऑक्सिजन किंवा डायलिसिस लागणाऱ्यांची यादी तयार ठेवावी. आजवा सरोवराची आणि नदीची पातळी रोज पाहण्याचे काम एका माणसाकडे असावे. गाड्या कोणत्या पातळीला बाहेर काढायच्या आणि लिफ्ट कोणत्या मजल्यावर नेऊन बंद करायची हे आधीच लिहून फलकावर लावावे. पाणी शिरलेल्या तळघरात पहारेकऱ्याला मोटर सुरू करायला पाठवू नये. विजेचा धोका आहेच, शिवाय विश्वामित्रीच्या मगरी पुरात वस्तीत येतात, आणि त्यांच्यासाठी वन खात्याला बोलवायचे असते, सोसायटीतील धाडसी तरुणांना नव्हे.

आग आणि लिफ्ट यांसाठी निराळी समिती नसली तरी एक जबाबदार माणूस हवा. गुजरातमध्ये लिफ्टसाठी २०००चा आणि आगप्रतिबंधासाठी २०१३चा स्वतंत्र कायदा आहे, आणि सुरतमधील २०१९च्या व राजकोटमधील २०२४च्या आगींनंतर याबाबतची ढिलाई कोणालाच परवडणारी राहिलेली नाही. परवान्यांच्या मुदती एका तक्त्यात लिहून तो खजानचींच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवावा.

घरातले काम, घरातला कंत्राटदार

कारोबारीतील एखाद्याचे मेहुणे रंगकामाचे कंत्राट घेतात, एखाद्याचा भाचा कॅमेरे बसवतो. यात गैर काही नाही, लपवणे गैर आहे. संबंधित सदस्याने नाते सांगावे, ते ठरावात लिहावे, त्या विषयापुरते त्याने खोलीबाहेर जावे आणि मत देऊ नये. ठरावीक रकमेच्या वरच्या प्रत्येक कामाला तीन दरपत्रके मागवावीत, आणि ती एकाच कामाच्या वर्णनावर मागवावीत. एकाने दोन हात रंग धरला आणि दुसऱ्याने तीन हात धरला तर स्वस्त कोण हे कळतच नाही. काम फुकट करतो म्हणून चूक माफ होते असेही समजू नये. १९६१च्या कायद्यात सोसायटीचे नुकसान करणाऱ्या पदाधिकाऱ्याकडून ते वसूल करण्याची तरतूद कलम ९३ मध्ये आहे, आणि सतत कर्तव्यात कसूर करणारी कारोबारी बाजूला सारण्याचा अधिकार रजिस्ट्रारला कलम ८१ देते.

नव्या योजनेत बिल्डरकडून कारभार घेताना

भायली, सेवासीकडील नव्या योजनांत पहिल्या कारोबारीचे काम वेगळे असते, कारण तिला थैली बिल्डरकडून घ्यायची असते. २०१६च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यानुसार बहुसंख्य सदनिकांचे बुकिंग झाल्यापासून तीन महिन्यांत सदनिकाधारकांची संघटना उभी करण्याची जबाबदारी प्रवर्तकाची, म्हणजे बिल्डरची, आहे, सामाईक जागांचे हस्तांतरण कलम १७ मध्ये येते, आणि ताब्यापासून पाच वर्षांत आढळलेले बांधकामाचे दोष कलम १४ नुसार त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात. यासाठी दोषांची यादी छायाचित्रे आणि तारखांसह लेखी द्यावी. ओल दाखवायला साइटवरच्या सुपरवायझरला वर बोलावणे म्हणजे तक्रार नव्हे. कागदांत मंजूर नकाशे, रजाचिठ्ठी (बांधकामाची परवानगी), बीयू परवानगी (इमारत वापरण्याची, 'बिल्डिंग यूज'), लिफ्टचा परवाना, अग्निशमन प्रमाणपत्र, सामाईक वीजजोडणीच्या अनामतीची पावती, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळांचे आराखडे, आणि खरेदीच्या वेळी प्रत्येकाकडून घेतलेल्या मेन्टेनन्स डिपॉझिटचा सदनिकावार हिशेब एवढे मागावे. शेवटच्या हिशेबावर चर्चा लांबते. तो मिळाल्याखेरीज 'सर्व काही मिळाले' अशा मजकुरावर सही करू नये. जे मिळाले तेवढ्याचीच यादी करून तिच्यावर सही करावी.

थैली पुढे देताना

मुदत संपल्यावर नव्या कारोबारीला सोपवायच्या वस्तूंची यादी दोन प्रतींत करावी. ठरावांची बुके क्रमवार, सभासद नोंदवही, बँकेचे उतारे, मुदत ठेवींच्या पावत्या, चालू करार आणि त्यांच्या संपण्याच्या तारखा, परवाने, विम्याची पॉलिसी, थकबाकीची यादी, चालू दावे, उपसमित्यांचे नेमणूकपत्र, ईमेलचे आणि बँकेचे पासवर्ड बदलल्याची नोंद, शिक्के आणि किल्ल्या. बँकेतील सह्या बदलण्याचा ठराव पहिल्याच बैठकीत घ्यावा, कारण तोवर पगाराचे चेक जुन्याच माणसांना सही करावे लागतात आणि ते गावाला गेलेले असतात. अपुरी राहिलेली कामे एका पानावर लिहून द्यावीत: काय सुरू आहे, कोणाशी बोलणे झाले आहे, पुढचे पाऊल कोणते.

मी थैली दिली तेव्हा यादीत एकेचाळीस नोंदी झाल्या. नव्या मंत्रीबाईंनी एकेक वस्तू काढून खूण केली, गच्चीची किल्ली कुलपाला लावून पाहिली, ती लागली नाही म्हणून तिच्यापुढे 'कुलूप बदललेले, नवी किल्ली ए विंगमध्ये' असे लिहिले, आणि मगच सही केली.